पॉल एर्लिख : रंगातून जिवंत शरीराचा शोध घेणारा डॉक्टर

धुळे जिल्ह्यातलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हेच धातू अत्यल्प प्रमाणात आपल्या पेशींमध्येही असतात. भांड्यातलं तांबं दिसतं, पेशीतलं कसं बघायचं?

त्यासाठी शास्त्रज्ञ फ्लुओरोसंट प्रोब, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकणारे रेणू वापरतात. हवा तो पदार्थ भेटला की या रेणूची चमक बदलते. पेशी जिवंत असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल टिपता येतो.

या कल्पनेच्या मुळाशी गेलं की जर्मन डॉक्टर पॉल एर्लिख भेटतात.

त्यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी स्ट्रेलेनमधल्या ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा जर्मनीत कृत्रिम रंगांचा उद्योग जोरात होता. हे रंग एर्लिख पेशींवर वापरू लागले. त्यांचा 1878 चा प्रबंधही याच विषयावर होता. एखादा रंग ठरावीक पेशीलाच का चिकटतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

1882 मध्ये त्यांनी फ्लुओरेसिन हा हिरवा चमकणारा रंग सशांना टोचून डोळ्यातल्या द्रवाचा प्रवाह पाहिला. आजही डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या तपासताना डॉक्टर हाच रंग वापरतात.

1885 मध्ये ते आणखी पुढे गेले. प्राण्यांच्या शरीरात रंग सोडून तो कुठे टिकतो आणि कुठे उडतो, हे त्यांनी तपासलं. त्यावरून कोणत्या अवयवाला ऑक्सिजनची किती ओढ आहे, याचा अंदाज बांधला. म्हणजे रंग आता फक्त सजावट नव्हता, तो माहिती देत होता.

क्षयाचे जंतू रंगवण्याची पद्धतही एर्लिख यांनी सुधारली. पुढे त्यांच्या स्वतःच्याच थुंकीत ते जंतू सापडले आणि उपचारासाठी त्यांना इजिप्तला जावं लागलं.

रंग नेमकी पेशी निवडतो, तर औषध नेमका जंतू का निवडणार नाही? या विचारातून साहाचिरो हाता यांच्यासोबत त्यांनी उपदंशावरचं साल्व्हर्सन शोधलं. ते 1910 मध्ये बाजारात आलं. त्याआधी, 1908 मध्ये, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं होतं. 20 ऑगस्ट 1915 रोजी त्यांचं निधन झालं.

1985 मध्ये रॉजर त्सिएन यांच्या गटाने पेशीतलं कॅल्शियम मोजणारा फ्युरा-2 हा प्रोब मांडला. तांबं आणि जस्त दाखवणारे प्रोबही आले. त्यातल्या अनेकांचा गाभा मात्र एर्लिख यांनी सशांना टोचलेलं तेच फ्लुओरेसिन आहे.