चेहरा आठवतो, नाव नाही! ‘ये जो है जिंदगी’मधले शफी इनामदार कोण होते?

पौड : आज मोबाइलवर बोट फिरवलं की शंभर विनोदी मालिका समोर येतात. १९८४ मध्ये मात्र पुणे परिसरात टीव्ही म्हणजे सिंहगडाच्या मनोऱ्यावरून दिसणारं दूरदर्शन. त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली आणि मध्यमवर्गीय नवरा रणजीत वर्मा घराघरात पोहोचला. हा रणजीत साकारणारे शफी इनामदार मूळचे आपल्या कोकणातले होते, हे किती जणांना माहीत आहे?

कोकण ते रंगभूमी
शफी यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली परिसरात झाला. शिक्षणासाठी मुंबईत आल्यावर ते नाटकात रमले. वेगवेगळ्या भाषांतल्या एकांकिका त्यांनी केल्या आणि बसवल्याही. सिनेमा त्यांच्याकडे उशिरा, पस्तिशी उलटल्यावर आला. गोविंद निहलानी यांच्या ‘विजेता’नंतर १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ आला. त्यात ओम पुरी यांच्या तापट वेलणकरला समजावणारा, व्यवस्थेशी जुळवून घेतलेला इन्स्पेक्टर हैदर अली त्यांनी उभा केला.

रणजीत का गाजला?
या मालिकेचं लेखन शरद जोशी यांचं, तर दिग्दर्शकांमध्ये कुंदन शाह होते. स्वरूप संपत पत्नीच्या, राकेश बेदी मेहुण्याच्या आणि टिकू तलसानिया साहेबाच्या भूमिकेत होते. सतीश शाह तर प्रत्येक भागात नवं सोंग घेऊन यायचे. एवढ्या गोंधळात शफी शांत राहायचे. समोरच्याचं ऐकून घेणं, थोडं थांबणं आणि मग हळूच उत्तर देणं, ही त्यांची पद्धत. त्यांच्या या साधेपणामुळेच इतरांचा विनोद खुलायचा. टाळ्या मात्र बहुतेक वेळा समोरचा घेऊन जायचा. चरित्र अभिनेत्याचं काम असंच असतं.

१९८८ मध्ये गुलजार यांच्या ‘मिर्झा गालिब’मध्ये ते गालिबचे प्रतिस्पर्धी शायर जौक झाले. रणजीत वर्मा आणि दरबारी शायर एकाच अभिनेत्याने साकारले, हे सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही.

मराठी घर
त्यांच्या पत्नी म्हणजे ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे. योगायोग असा, की कुंदन शाह यांच्याच ‘जाने भी दो यारो’मध्ये भक्ती बर्वे यांनी संपादक शोभा सेन रंगवली होती.

दिग्दर्शक झाले, पण...
१९९५ मध्ये ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांना घेऊन शफी यांनी ‘हम दोनों’ दिग्दर्शित केला. इतरांना जागा करून देणारा हा अभिनेता आता स्वतः सूत्रं हाती घेत होता. पण पुढच्याच वर्षी, १३ मार्च १९९६ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५० वर्षं. ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका विश्वचषक उपांत्य सामना रंगला होता, तोच हा दिवस. तो पराभव देशाच्या लक्षात राहिला, शफी यांचं जाणं मागे पडलं. ‘तेरी भी चुप मेरी भी चुप’ या मालिकेतली त्यांची भूमिका नंतर सतीश शाह यांनी केली.

पाच वर्षांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी भक्ती बर्वेही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात गेल्या. दिग्दर्शक म्हणून शफी यांच्या नावावर राहिला तो एकच सिनेमा. ‘अर्धसत्य’ पुन्हा पाहाल, तेव्हा वेलणकरच्या शेजारी बसलेल्या हैदर अलीकडे जरूर लक्ष द्या.