सावित्रीबाईंचा माळावरचा दवाखाना



३ जानेवारीला आपण सावित्रीबाई फुले यांच्या फोटोला हार घालतो. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींना शिकवलं, हे पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल. पण आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी त्यांनी काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज तेवढंच लिहितो.

त्यांचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. लग्न नवव्या वर्षी झालं.

त्या काळी मुली लहानपणीच विधवा होत. त्यांचं पुन्हा लग्न करीत नसत. अशा बाईला मूल होणार असलं तर तिला कुणी दारात उभं करीत नसे. घाबरून कुणी जीव देई, कुणी बाळाला मारी. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. इथे येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. बाळ-बाळंतिणींची सगळी उस्तवार सावित्रीबाई करीत. १८८४ पर्यंत ३५ जणी तिथे आल्या. लोक काय काय बोलले असतील, तुम्हीच विचार करा!

तिथेच १८७४ साली काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला. सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी तो दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं आणि शिकवून डॉक्टर केला.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. काखेत, जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि चार दिवसांत माणूस जायचा. उंदरांवरच्या पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. शेजारी शेजाऱ्याच्या दारात जाईना. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. जात विचारायची नाही, आजारी आहे ना, मग आणायचा. त्या स्वतः रोगी शोधत फिरत. वय किती? ६६!

मुंढव्याच्या दलित वस्तीत गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढे १९०५ साली पुन्हा साथ आली. रोग्यांची सेवा करता करता यशवंतरावही प्लेगनेच गेले.