निळ्या ज्योतीचा धनी

शाळेच्या प्रयोगशाळेत तापलेल्या बर्नरचा हाताला चटका बसला आणि मी विज्ञानाला कायमचा रामराम ठोकला. परवा ग्रंथालयात त्या बर्नरला ज्यांचे नाव आहे त्या रॉबर्ट बुन्सेन यांचे चरित्र वाचले आणि मनातल्या मनात ओशाळलो.

बुन्सेन यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे झाला. वडील विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक. म्हणजे घर आपल्याच शाखेचे! मुलगा मात्र रसायनशास्त्राकडे वळला. आर्सेनिकच्या विषावर लोहाच्या संयुगाचा उतारा त्यांनी ऐन तारुण्यात शोधला. पुढे आर्सेनिकच्याच एका ज्वालाग्राही संयुगाचा स्फोट होऊन त्यांचा एक डोळा गेला. विषबाधेने ते मरणाच्या दारातून परत आले. पण प्रयोगशाळा सोडली नाही.

१८५२ साली ते हायडेलबर्गला आले. दिवाबत्तीचा गॅस प्रयोगशाळेत घ्यायचा, तर त्याची ज्योत उजेड आणि काजळी देणारी. त्यांना हवी होती उष्णता. म्हणून जळण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळणारा बर्नर त्यांनी योजला आणि पेटर देसागा या कुशल कारागिराने तो घडवला.

आजच्या बर्नरची रचना साधी आहे. खाली जड बैठक, बाजूला गॅसच्या रबरी नळीचे तोंड, मध्ये बारीक छिद्राचे जेट, त्यावर उभी नळी, तिच्या बुडाशी हवेची छिद्रे आणि त्यांवर फिरते कडे. जेटमधून वेगाने सुटणारा गॅस छिद्रांतून हवा आत ओढून घेतो. छिद्रे बंद केली, की कार्बनचे न जळलेले कण तापून चमकतात व ज्योत पिवळी दिसते. उघडली, की ज्योत निळी आणि अधिक उष्ण होते. आतल्या निळ्या शंकूच्या टोकाच्या किंचित वर उष्णता सर्वांत जास्त असते.

या बर्नरचे पेटंट बुन्सेन यांनी घेतले नाही. त्याच्या जवळजवळ रंगहीन ज्योतीत क्षार धरून, तिचा प्रकाश लोलकातून न्याहाळून त्यांनी व किर्खहोफ यांनी १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली. जगाला न दिसलेले रंग एका डोळ्याच्या माणसाने पाहिले!

१८९९ साली ते वारले. कला शाखेत आल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण एका चटक्याला भिऊन आलो, एवढे मात्र आज कबूल केले पाहिजे.