कैद्यांची शिक्षिका : सारा मार्टिन

इंग्लंडमधील तुरुंगसुधारणेचा विषय निघाला की जॉन हॉवर्ड आणि एलिझाबेथ फ्राय ही नावे प्रथम घेतली जातात. हॉवर्ड जमीनदार होते, तर फ्राय सधन घराण्यातल्या. फ्राय यांच्याच काळात शिवणकामावर पोट भरणाऱ्या एका स्त्रीने हेच कार्य कोणत्याही पाठबळाविना केले. त्या म्हणजे सारा मार्टिन.

नॉरफोक परगण्यातील ग्रेट यार्मथ हे बंदर समुद्र आणि यार नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. पलीकडे मैलोन् मैल दलदलीची कुरणे पसरलेली. जवळच्या केस्टर गावी १७९१ मध्ये सारा यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजीने त्यांना वाढविले. किशोरवयातच त्या शिवणकाम शिकल्या. कामासाठी केस्टरहून यार्मथला पायी जाताना गावातला तुरुंग त्यांच्या दृष्टीस पडे. टोलहाऊस या मध्ययुगीन इमारतीतील त्या तुरुंगात कैद्यांना ना काम होते, ना शिक्षण, ना रविवारची प्रार्थना.

१८१९ मध्ये पोटच्या मुलाचा छळ केल्याबद्दल एका स्त्रीला कैद झाली. तिला भेटण्याची परवानगी सारा यांनी मागितली. प्रथम नकार मिळाला, पण त्या पुन्हा गेल्या आणि दार उघडले. आपल्यासाठी कुणीतरी परके माणूस आले, हे पाहून त्या स्त्रीला रडू कोसळले. तेथून पुढे सारा यांनी आठवड्यातील एक दिवस कैद्यांसाठी राखून ठेवला. त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे त्यांच्यासारखीला सोपे नव्हते.

त्यांनी कैद्यांना लिहावाचायला शिकविले, रविवारी प्रार्थना सुरू केली आणि पुढे प्रवचने स्वतःच लिहिली. हाताला काम असल्याखेरीज माणूस सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते. किरकोळ देणग्यांतून कापड व साहित्य आणून स्त्रियांकडून तान्ह्या बाळांचे कपडे शिवून घेतले, पुरुषांना गवती टोप्या आणि हाडाचे चमचे करायला शिकविले. विक्रीचे पैसे सुटकेनंतर कैद्यांच्या उपयोगी पडत. प्रत्येकाची नोंद त्या वहीत ठेवीत. गावातील अनाथालयवजा ‘वर्कहाऊस’ आणि कारखान्यातील मुलींची शाळा हीदेखील त्यांच्या कामाची क्षेत्रे होती.

१८२६ मध्ये आजी निवर्तली. तिच्या मागे मिळालेले अल्प उत्पन्न एवढाच आधार उरला. तुरुंगात वेळ जाऊ लागला तशी शिवणाची गिऱ्हाइके तुटली. १८३५ च्या कायद्यानुसार नेमलेल्या तुरुंग निरीक्षकांनी अहवालात त्यांची प्रशंसा केली, तेव्हा त्यांचे नाव देशभर झाले. १८४१ मध्ये नगरपालिकेने वर्षाला १२ पौंड देऊ केले. पगारी नोकर ठरलो तर कैद्यांचा विश्वास गमावू, या भीतीने सारा यांनी नकार दिला. मात्र तुरुंगात यायचे तर अट मान्य करावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. कैद्यांपासून दुरावण्यापेक्षा त्यांनी मानधन पत्करले.

ते त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले. १५ ऑक्टोबर १८४३ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. केस्टरच्या दफनभूमीत आजीच्या शेजारी त्या विसावल्या. नागरिकांनी वर्गणी काढून सेंट निकोलस चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसविली. ते चर्च १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि पुढे नव्याने उभे राहिले. टोलहाऊस आता संग्रहालय झाले असून, त्या कोठड्या पाहणाऱ्यांना सारा मार्टिन यांच्या कार्याची ओळख तेथेच होते.