दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी : एक पुण्यस्मरण

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या ट्रस्टच्या गेल्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना, ज्या थोर पुरुषांनी जैन समाजाला सार्वजनिक दानाची नवी दिशा दाखविली, त्यांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्यच ठरते. अशा पुरुषांमध्ये दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे स्थान अग्रभागी आहे. आजही मुंबईत हिराबागेचे नाव घेतले जाते. परंतु ती बाग ज्या हिराचंदांच्या नावे ओळखली जाते ते कोण, आणि त्यांचे नाव तेथे कोणी कोरले, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

शेठजींचा जन्म 1851 साली सुरत येथे हुमड जैन कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे मेवाडचे. आजोबा गुमानजी व्यापारानिमित्त सुरतेस येऊन स्थायिक झाले होते. वडील हिराचंद यांची परिस्थिती बेताचीच होती. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद व नवलचंद हे चार बंधू. कुटुंब मुंबईस आले तेव्हा या भावंडांनी कोवळ्या वयातच मोत्यांच्या बाजारात काम शिकण्यास आरंभ केला. मोत्याचे पाणी, घाट आणि वजन पारखणारी नजर व चोख व्यवहार या दोन गुणांच्या बळावर ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी नावारूपास आली. मोती-जव्हाहिरांच्या व्यापारात या पेढीने अमाप संपत्ती मिळविली.

संपत्ती पुष्कळांना मिळते. परंतु आपला समाज कोठे अडला आहे हे ओळखण्याची दृष्टी थोड्यांनाच लाभते. त्या काळी खेड्यापाड्यांतील जैन विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी शहरात पाठवायचे म्हटले की घरची मंडळी धास्तावत. रात्रिभोजनाचा त्याग, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी, नित्य देवदर्शन हे सारे परक्या ठिकाणी कसे पाळले जावे? मुलगा शिकेल, पण धर्माला मुकेल, या भीतीने कित्येक बुद्धिमान मुले दुकानाच्या गादीवरच बसून राहिली. शिक्षण आणि आचार यांच्या ओढाताणीत समाजाचे मोठे नुकसान होत होते. त्यावर शेठजींनी काढलेला उपाय साधा आणि दूरदर्शी होता. मुलाच्या डोक्यावर आपल्या समाजाचे छप्पर द्यावे, त्याच्या ताटात आपल्या आचाराचे अन्न वाढावे, आणि मग त्याने आधुनिक विद्या मनसोक्त शिकावी. मुंबईत तारदेव येथील हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग याच विचारातून उभे राहिले. पुढे अहमदाबाद येथे वसतिगृह निघाले, आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगलाही शेठजींचे मोठे साहाय्य लाभले. 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या शैक्षणिक कार्याचे ते खंबीर पाठीराखे होते.

यात्रेकरूंसाठी व समाजकार्यासाठी मुंबईत हिराबाग धर्मशाळा उभी राहिली. 1902 साली भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन होऊन विखुरलेल्या तीर्थांच्या संरक्षणाचे संघटित कार्य सुरू झाले, त्यातही शेठजींचाच पुढाकार होता. 1905 साली वाराणसी येथे स्याद्वाद महाविद्यालयाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. समाज कोठे, किती आणि कोणत्या स्थितीत आहे हे कळल्याविना सेवा कशी करणार, या जाणिवेने त्यांनी गावोगावच्या दिगंबर जैनांची माहिती गोळा करविली. ती डिरेक्टरी 1914 साली प्रसिद्ध झाली.

परंतु दात्याची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्या घरात लागते. शेठजींच्या कन्या मगनबाई यांना विशी ओलांडण्यापूर्वीच वैधव्य आले. त्या काळच्या विधवेच्या वाट्याला घराचा एक कोपरा आणि उरलेले मूक आयुष्य एवढेच येत असे. कुटुंब श्रीमंत असले म्हणून त्यात फरक पडत नसे. पित्याचे दुःख अपार असणार; पण शेठजींनी ते उराशी कवटाळून न बसता मुलीच्या हाती ग्रंथ दिले. तिच्या अध्ययनाची व्यवस्था केली, तिला प्रवासात व सभा-संमेलनांत सोबत नेले, चारचौघांत बोलण्याचे धैर्य दिले. लोकांच्या मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडणाऱ्या या पित्याने आपल्या मुलीसाठी ते दार बंद ठेवले नाही.

त्याचे फळ साऱ्या समाजाला मिळाले. मगनबाईंनी 1909 साली अहमदाबाद येथे श्राविकाश्रम सुरू केला आणि पुढे तो मुंबईत आला. निराधार व विधवा भगिनींना तेथे अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि स्वावलंबन मिळू लागले. ललिताबाई आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकूबाई या त्यांच्या सहकारी होत्या. 1930 साली मगनबाईंचे निधन झाले, तोवर जैन स्त्रीशिक्षणाची चळवळ पायावर उभी राहिली होती.

शेठजी 16 जुलै 1914 रोजी दिवंगत झाले. त्यांच्या स्मरणार्थ 1915 साली माणिकचंद दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली आणि पंडित नाथूराम प्रेमी यांनी ती निष्ठेने चालविली. भांडारांत बंदिस्त असलेले संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश ग्रंथ त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेले ‘वरांगचरित’ 1938 साली याच मालेत निघाले, तर डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘महापुराण’ 1937 ते 1941 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या वसतिगृहावर नाव आहे ते वडिलांचे आणि आजोबांचे. हिराबागेवर वडिलांचे, तर अहमदाबादच्या वसतिगृहावर दिवंगत पुतण्याचे, प्रेमचंद मोतीचंद यांचे. ग्रंथमालेला मात्र शेठजींचे स्वतःचे नाव मिळाले, ते त्यांच्या पश्चात आणि इतरांनी दिले म्हणून. कमावले स्वतः, पण श्रेय दिले कुटुंबाला. एकत्र कुटुंबातील हा कृतज्ञभाव त्यांच्या दानाला वेगळेच तेज देतो.

बोर्डिंगच्या कार्याला मर्यादाही होत्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. तेथील सोवळ्याच्या नियमांशी न पटल्याने त्यांना ते सोडावे लागले. पुढे 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या याच कर्मवीरांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीत आणले. आपल्या समाजाच्या मुलांसाठी उघडलेले दार सर्वांसाठी उघडणे, ही त्या कार्याची पुढची पायरी होती.

आपला ट्रस्ट आज पन्नास वर्षांचा होत आहे. देणगीदारांच्या नावांच्या फलकांकडे आदराने पाहताना दोन प्रश्न आपण स्वतःस विचारावेत. आपण उभारलेल्या छपराखाली आज कोण शिकत आहे? आणि जे आपण समाजाला देतो, ते आपल्या घरातील लेकीसुनांनाही पूर्णपणे मिळते आहे काय? या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे देता आली, तर तेच शेठजींच्या पावन स्मृतीस खरे अभिवादन ठरेल.