धर्मगुरु सेनापति होझे मारिया मोरेलोस

या स्मरणिकेंत ज्यांचें चरित्र देण्याचें आम्ही योजिलें आहे, ते मेक्सिकोंतील एका गरीब धर्मग्रामाचे धर्मगुरु होते व पुढें सेनापति झाले. त्यांचे स्तुतिपाठक व निंदक दोघेही अतिशयोक्ति करितात. म्हणून जें खरें ठरतें तेंच वाचकांपुढें ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें.

होझे मारिया मोरेलोस यांचा जन्म ३० सप्टेंबर १७६५ रोजीं वायादोलिद नगरांत झाला. हें स्पेनमधील वायादोलिद नव्हे. मेक्सिकोंतील ज्या नगरास १८२८ सालापासून त्यांच्याच नांवावरून मोरेलिया म्हणतात, तें होय. बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्यांस स्पॅनिश म्हटलें आहे; वस्तुतः त्यांचें कुल मिश्र रक्ताचें होतें. नोंदवहीसुद्धां तपासून वाचावी लागते, हें आम्हां धर्मगुरूंनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांचा बाप सुतार होता. तरुणपण शेतमळ्यावर कष्टांत गेलें. पंचविशीच्या सुमारास, १७९० सालीं, ते सान निकोलास विद्यालयांत दाखल झाले; तेथील रेक्टर त्या वेळीं मिगेल इदाल्गो हे होते. १७९७ सालीं मोरेलोस यांस गुरुदीक्षा मिळाली व १७९९ सालीं काराकुआरो हा उष्ण व दरिद्री धर्मग्राम त्यांच्या स्वाधीन झाला.

एक गोष्ट लपविणें योग्य नव्हे. ब्रह्मचर्याचें व्रत त्यांनीं पाळिलें नाहीं. आपणांस मुलें आहेत, हें त्यांनीं पुढें न्यायासनासमोर स्वतः कबूल केलें.

१८१० सालीं इदाल्गोंनीं बंड उभारिलें, तेव्हां मोरेलोस त्यांस भेटले. अनेकांस वाटतें कीं ते तलवारीच्या लोभानें गेले. तसें नाहीं, त्यांनीं सैन्याचा धर्मगुरु होण्याची इच्छा दर्शविली होती. इदाल्गोंनीं मात्र त्यांस दक्षिणेंत सैन्य जमवून आकापुल्को बंदर घेण्याची आज्ञा दिली. आरंभीं पंचवीसच्या आसपास माणसें होतीं. १८१२ सालीं क्वाउत्ला येथें त्यांनीं दोन महिन्यांहून अधिक काळ वेढा सोसला. त्याच वर्षीं ओआहाका व १८१३ सालीं आकापुल्को घेतलें. त्या वर्षीं चिल्पान्सिंगो येथील सभेंत त्यांनीं गुलामगिरी व जातिभेद नष्ट व्हावे आणि कॅथोलिक धर्मच राहावा, असें मांडिलें. मोठी पदवी नाकारून ते राष्ट्राचे सेवक म्हणवूं लागले.

तथापि ज्या हातांखालीं रक्त सांडलें, त्या हातांनीं पवित्र मिस्सा अर्पण करणें शास्त्रविहित नाहीं, असें मानून त्यांनीं मिस्सा करणें सोडिलें. आमच्या मतें या चरित्रांतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच होय. लढाई न्याय्य असो वा नसो, तिची किंमत त्यांनीं वेदीपाशीं भरली.

नोव्हेंबर १८१५ मध्यें ते पकडले गेले. धर्मन्यायसभेपुढें चौकशी होऊन त्यांची गुरुपदापासून च्युति झाली, आणि २२ डिसेंबर १८१५ रोजीं एकातेपेक येथें त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या.

ते संत नव्हते; खलही नव्हते. धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या आनंदांत, वाचकहो, आपल्या सर्व मृत धर्मगुरूंबरोबर त्यांच्याही आत्म्यासाठीं एक प्रार्थना करूं या.