छापा-काट्याच्या गणितातून भुकेच्या मोजणीकडे

कामठीच्या एखाद्या शाळेतील मुलांनी दहा नाणी एकदम उडवून छापे मोजले, तर दर वेळी पाचच छापे पडणार नाहीत. हिशेबाने १,०२४ खेपांपैकी २५२ खेपांत पाच छापे अपेक्षित असतात. प्रत्यक्षात २४० येतील किंवा २६५. हा फरक योगायोगाचा की नाण्यातच खोट आहे? हे ठरवण्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-स्क्वेअर कसोटी दिली. शून्यापासून दहा छाप्यांपर्यंत प्रत्येक गटातील प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येच्या फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि साऱ्यांची बेरीज घ्यायची. बेरीज फारच मोठी आली, तरच नाण्यावर संशय घ्यायचा.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच विद्येत तयार झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. दुर्मिळ घटनांच्या मोजणीत काय-स्क्वेअर कसे वागते, यावर त्यांचा निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मायदेशी परतल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना विचारले, की या शिक्षणाचा देशातील भुकेल्यांना काय उपयोग? पुढचे आयुष्य सुखात्मे यांनी याच प्रश्नाला दिले. आधी भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेणाऱ्या नमुना पाहणीचा पाया घातला. नंतर रोमच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

जगातील दोन-तृतीयांश लोक अर्धपोटी आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये हा आकडा १० ते १५ टक्क्यांवर आणला. निकृष्ट आहार घेणाऱ्यांची संख्या मात्र याहून बरीच मोठी असल्याचेही सांगितले. त्यांचा मुद्दा सोपा होता. माणसामाणसाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाचा आहारही रोज बदलतो. सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी धरले, तर धडधाकट लोकांतले निम्मे उपाशी ठरतील. चार छापे पडले म्हणून नाणे खोटे ठरत नाही, तसेच हे.

यावर वाद झाला. या हिशेबाने गरिबी कमी दिसते, असा आक्षेप वि. म. दांडेकर यांनी घेतला. सुखात्मे यांनी निवृत्तीनंतर पुण्यातून आपली बाजू मांडली आणि अन्न अंगी लागण्यासाठी शुद्ध पाणी व स्वच्छताही हवी, याचा आग्रह धरला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९७ मध्ये ते निवर्तले. उपाशी नेमके कोणाला म्हणायचे, हा वाद आजही मिटलेला नाही.